वाघमोडे बाईंचे तेवीस किलो

वाघमोडे बाईंच्या हातात काहीही दिलं, की त्या आधी ते तोलत. वस्तू कुणाची आणि कशाला दिली, हा विचार नंतर. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी मुख्याध्यापकांची फाईल तोलली होती. "दीड किलो. त्यात काम असंल छटाकभर." एकदा बारशाला गेल्या असताना त्यांनी पाळण्यातलं पोर उचललं आणि भरल्या घरात जाहीर केलं, "चार किलो दोनशे!" पोराच्या बापाने आदल्या दिवशीचा दवाखान्याचा कागद काढून पाहिला आणि तो बाईंच्या पायाच पडायला निघाला. बाईंचे वडील सांगोल्याच्या बाजारात बकरं नुसतं उचलून वजन सांगायचे. लेकीने तो हात घेतला आणि वर बी.एस्सी., बी.एड. केलं.

शाळेत त्या जीवशास्त्र शिकवत, पण जीव जडला होता गवतावर. सहलीला पोरं किल्ला बघत, तेव्हा बाई तटाखाली गुडघे टेकून बसलेल्या असत. वर्गात छापील मराठी बोलत आणि बाहेर आल्या की थेट सांगोला. सत्तेचाळिसाव्या वर्षी या बाईंना स्कॉटलंडच्या विद्यापीठात गवताळ जमिनींच्या अभ्यासासाठी प्रवेश मिळाला, तोही शिष्यवृत्तीसकट. मी शक्य तितका गंभीर चेहरा करून विचारलं, "मेंढरांनी काय खावं हे शिकायला एवढ्या लांब?"

"मेंढरांना ठावं हाय, सर. माणसांना ठावं न्हाय. आमचा माळ उघडा पडलाय. कुटलं गवत परत लावायचं, ते कुणीतरी शिकून यायला नको?"

मी भाषेचा शिक्षक. बाईंनी माझ्यावर केलेली ही मात शाळेने दोन दिवस साजरी केली.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. जुळे सोलापूर भागात आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहत. त्यामुळे बॅग भरण्याच्या कामात सगळी इमारत घुसली. कुणी कुकर आणला, कुणी पोळपाट. माझ्या बायकोने शेंगाचटणी आणि कडक भाकरी एवढी आणली, की स्कॉटलंडात दुष्काळ पडलाय की काय असं वाटावं. बाईंनी सगळं घरभर जमिनीवर मांडलं आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

लहानपणी मेंढरांमागे फिरताना त्यांची आई अख्खा संसार एका घोड्यावर लादायची. "आई आदी सगळं भुईवर मांडायची. मग घोड्याकडं बघायची. घोड्याला झेपंल तेवढंच आपलं. ऱ्हायलेलं कवाच आपलं नव्हतं."

विमानाच्या घोड्याला तेवीस किलो झेपत होते. अकरा साड्यांच्या दोन झाल्या. कुकर परत गेला. चटणी राहिली, भाकऱ्या निम्म्या झाल्या. शेवटी बाईंनी बॅग एका हाताने उचलली. "बावीस किलो आठशे." मी आमचा नवा काटा लावला. बावीस किलो आठशे! मी काट्याला हात जोडले. "त्याला कशाला?" बाई म्हणाल्या. "त्यानं माझंच ऐकलंय."

जायच्या दिवशी दुपारी वैरागहून त्यांचे थोरले दीर आले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. सोबत जाऊबाई, म्हणजे अक्का. अण्णांनी चहा घेतला, बॅगेकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"सुलोचना, दिवाळीनंतर आमच्या धाकटीचं लगीन काढलंय. घरात शिकलेली तू एकटी. पाव्हण्यांची उठबस कुणी बघायची? येवढं वरीस थांब."

"अण्णा, थोरलीच्या हळदीला मला कुटं बसवलं होतं?"

अण्णा कपात बघू लागले.

"सैपाकघरात. दार लोटून. नवरा गेलेल्या बाईची सावली नको म्हणून. तवा माझ्याबिगर हळद लागली की! आताबी लागंल."

"आगं, लोक काय म्हणतील? या वयात दप्तर घेऊन..."

"लोकांना म्हणावं, बॅग उचलू लागा."

बॅग मात्र मीच उचलू लागलो आणि पहिल्याच जिन्यात माझं वय मला कळलं. खाली गाडी उभी होती. इमारतीतल्या बायका जमल्या होत्या. माझ्या बायकोने घरची लेक निघाल्यासारखं ताट केलं होतं: तांदूळ, खण, नारळ. आणि ऐनवेळी तिला आठवलं, की विधवेची ओटी भरत नाहीत. ती ताट पाठीमागे धरून उभी राहिली. बाईंनी ते पाहिलं आणि सरळ पदर पसरला.

"भरा की वैनी. का तुमचाबी हात अडला?"

बायकोने अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी, ज्याचं तोंड झोपेतही बंद नसतं, तो खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागलो. बायकांमध्ये कुणी हललं नाही. बाईंचा पदर तसाच पसरलेला. हात खाली येत नव्हते.

तेवढ्यात आल्यापासून अवाक्षर न काढलेल्या अक्का पुढे आल्या. त्यांनी माझ्या बायकोच्या हातातून ताट काढून घेतलं आणि ओंजळी भरभरून तांदूळ घातले, खण घातला, वर नारळ ठेवला.

"आगं, हे काय..." अण्णा.

"तुमी गप बसा," अक्का म्हणाल्या. आणि जावेला म्हणाल्या, "लवकर ये म्हणत न्हाय मी. शिकून ये."

वाघमोडे बाईंचे डोळे भरले. वीस वर्षांच्या ओळखीत तो प्रकार मी पहिल्यांदा पाहत होतो. त्यांनी तांदूळ-खण पदरात बांधला, नारळ उचलला, आणि कुणाला काही कळायच्या आत इमारतीच्या पायरीवर आपटून फोडला. पाणी माझ्या नव्या बुटांवर. खोबऱ्याचे तुकडे त्या सगळ्यांना वाटत सुटल्या. माझ्या बायकोच्या हातात तर दोन ठेवले. सर्वांत मोठा तुकडा अण्णांच्या तळहातावर.

"घ्या अण्णा. माझ्या जाण्याचा परसाद हाय."

प्रसाद टाकता येत नाही, आणि खाल्ला तर जाण्याला मान्यता दिल्यासारखं होतं. अण्णा तुकडा धरून उभे. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. खिडकीची काच खाली झाली आणि वाघमोडे बाईंचं डोकं बाहेर आलं.

"अण्णा, चावा की!"

आणि सबंध इमारतीसमोर अण्णांनी चावला.