दुफी बसते कशी?

नातवंडाला न्हाऊमाखू घालायला लेकीकडे निघालेली बाई सोबत काय नेते? चार कापडं, अंगाला चोळायचं शियाचं लोणी, वाळवलेले मासे. झालं. दुफीने पेटीत एवढं भरलं तोवर तिच्या नवऱ्याला, अम्पोन्साला, काही वाटलं नाही. तो आपला अंगणातल्या कडुनिंबाखाली बसून दात कोरत होता. मग दुफी स्वयंपाकघरातून वाटणाचं मातीचं भांडं घेऊन आली, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि पेटीच्या तळाशी जपून ठेवलं. तेव्हा मात्र काडी त्याच्या तोंडातच राहिली.

वाटणाचं भांडं! कुमासीच्या आसपास कुठल्याही बाईला विचारा. एकवेळ नवरा विसरेल, पण हे भांडं विसरणार नाही. आईकडून आलेलं, मिरच्या वाटून वाटून आतून गुळगुळीत झालेलं. ते हललं म्हणजे बाईने बिऱ्हाड हलवलं.

"दुफी, अगं ते कशाला? आक्रात भांडी मिळत नाहीत का?"

"मिळतात. ती माझी नसतात."

"पण सेरवाकडे राहणार किती दिवस तू?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

दुफीने पेटीचं झाकण लावलं. "अहो, ज्या घरात बाईला कधी बसवलंच नाही, तिथून उठायला तिला असा कितीसा वेळ लागतो?" एवढं म्हणून ती केळी सोलायला निघून गेली.

बोलणं खरं होतं. लग्न झालं की नवऱ्याने बायकोला लाकडी बैठक द्यायची, ही आपल्याकडची रीत. एकाच ओंडक्यातून कोरलेली, वर होडीसारखी वाकलेली बैठक. तिच्यावर बायको टेकली की ती त्या घरात बसली, आता सहजी हलायची नाही. अम्पोन्साने लग्नातच कबूल केलं होतं, देतो म्हणून. पण त्या वर्षी त्याच्या ट्रोट्रोचा, म्हणजे प्रवासी गाडीचा, गिअरबॉक्स गेला. पुढच्या वर्षी टायर. मग लेक झाली, सेरवा, मग पुन्हा टायर. त्याच्या गाडीच्या मागे मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, "घाई कशाला?" आणि स्वारी संसारही त्याच बेताने हाकत आली. आता गाडी भंगारात गेली, तरी ड्रायव्हरची सीट तेवढी त्याने काढून आणली होती. तीच कडुनिंबाखाली मांडून हा महाराज दिवसभर बसायचा. दुफी, पाणी. दुफी, पंखा. दुफी, रेडिओ जरा इकडे फिरव.

त्याची थोरली बहीण आक्याताई त्याच अंगणात पलीकडच्या खोलीत राहायची. तिने सगळं ऐकलं होतं. न ऐकून जाते कुठे!

"आता बस बोंबलत," ती दारातून म्हणाली. "सोमवारी गाडी येणार तिला न्यायला. एकदा गेली की उखळात कुटलेल्या केळ्यांचा तुझा फुफू कोण उलथणार? मी? माझ्या गुडघ्यांना विचार आधी."

"ताई, मी बैठक आणली तर?"

"आता? वरातीमागून घोडं!" आक्याताई खो खो हसली. मग जरा थांबून म्हणाली, "आण. पण उगीच कसलीतरी उचलून आणू नकोस. तिच्या बेताची आण."

शनिवारी सकाळीच अम्पोन्सा अह्वियाला गेला. तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कोरणाऱ्यांची दुकानं, आणि लाकडाच्या ढलप्या चपलेत घुसतात. फोफिए नावाच्या मिस्त्रीने त्याला लांबूनच हेरलं. या फोफिएचं तोंड त्याच्या लाकूड तासायच्या वाकसापेक्षा जोरात चालायचं.

"या काका! ही बघा, मधे हत्ती कोरलेली. राजाच्या बैठकीची नक्कल. घरात ठेवलीत तर शेजारी जळून खाक होतील."

"हत्ती नको. घरात आधीच बहीण आहे."

"मग ही, मधे गाठ कोरलेली? शहाण्या माणसाची निशाणी!"

अम्पोन्साने एकेक बैठक पुढे ओढली आणि बसून पाहायला सुरुवात केली. बसण्यातलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या कुमासीत कुणाला कळत नाही, अशी त्याची ठाम समजूत. जन्म बसूनच काढलेला! एक कडेला टोचते, एक पाठ अवघडवते, एकीवर बूड घसरतं. सगळं दुकान बसून झालं.

"काका, कुणासाठी घेताय?"

"बायकोसाठी. सोमवारच्या आत हवी."

"मग तुम्ही कशाला बूड घासताय? त्या कशा बसतात ते सांगा. पाय पसरून? मांडी घालून? एका अंगाला कलून? उंच लागते की बुटकी?"

"बसते की. फुफू उलथायला बसते, चुलीपाशी बसते..."

"ते कामाचं बसणं झालं हो. त्याला तो स्वयंपाकघरातला ठोकळा असतो. ही निवांत बसायची. हातात काही नसलं की काकू कशा बसतात?"

अम्पोन्साने मांडी घालून पाहिली, मग पाय पसरून पाहिले, मग उठून उभा राहिला.

"सोमवारच्या आत सांगा," फोफिए म्हणाला. "काय काका, बायको तुमचीच ना?"

घरी येईपर्यंत तो प्रश्न त्याला खात होता. त्यात काय एवढं, आज पाहून घेऊ, असं त्याने ठरवलं. आणि तो दुफीच्या मागे लागला. ती बाजारात गेली, हा मागे. बाजारात ती उभी. घरी येऊन कपडे धुतले, वाकून. फुफू उलथताना बसली, पण हात मुसळाच्या खालून आत-बाहेर करत होते; ते धरायचं नाही. संध्याकाळी ती ठोकळ्यावर टेकलेली पाहून तो हरखून पुढे झाला, तर मांडीत टोपली होती आणि ती भेंडी निवडत होती.

"काय हवंय तुम्हाला?" दुफीने विचारलं. "सकाळपासून कोंबडीसारखे पायात येताय."

"काही नाही. तू बस ना जरा."

"बसलेय की."

"तशी नव्हे. नुसती."

दुफीने भेंडी खाली ठेवली आणि उठून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

रविवारी त्याची सगळी मदार चर्चवर होती. तिथे तरी बसेल! पण दुफी गाणाऱ्यांच्या घोळक्यात. ते उभे. प्रवचन सुरू झालं, सगळे बसले, अम्पोन्साने मान उंच केली, तर दुफी कुणाचं तरी रडणारं पोर घेऊन मागच्या दाराशी डोलत उभी. प्रवचनात काय होतं ते त्याला आठवत नाही. एवढं मात्र लख्ख कळलं, की जिच्याबरोबर आपण म्हातारे झालो ती बाई स्वस्थ बसलेली आपण पाहिलेलीच नाही. त्याला लाज वाटली. चांगली कानशिलं तापेपर्यंत वाटली.

चर्चमधून तो परस्पर फोफिएच्या घरी गेला. मिस्त्री जेवत होता.

"कळलं?"

"नाही," अम्पोन्सा म्हणाला. "ती बसतच नाही."

फोफिए हात धुवायला उठला. तोवर अम्पोन्सा स्वतःच शेजारच्या दुकानात शिरला. त्याला आठवलं, संध्याकाळच्या फेरीला त्याच्या गाडीत बाजारच्या बायका चढायच्या, दिवसभर उभ्या राहिलेल्या. सीटवर कशा बसायच्या त्या? टेकायच्या थोड्याच, पडायच्या. सगळं अंग एकदम सोडून द्यायच्या, आणि पाय मिळेल तिकडे. अशा बाईला उंच नको, नाजूक नको. त्याने कोपऱ्यातली एक रुंद, बुटकी, जड बैठक ओढली. हत्ती नाही, गाठ नाही. मधे नुसता जाळीचा खांब.

"साधी आहे हो ती," फोफिए म्हणाला.

"राहू दे. पडली तरी मोडणार नाही ना?"

"बैठक?"

"नाही. बायको."

घरी दुफीने बैठक अशी तपासली की रताळंवाल्याचीही छाती दडपावी. टिचकी मारली. नख लावलं. हुंगली.

"लाकूड ओलं आहे. तडकणार." मग म्हणाली, "गिअरबॉक्स मिळाला वाटतं शेवटी?"

तिने वाळू आणि लिंबू लावून बैठक घासघास घासली, पांढरीफेक केली आणि भिंतीला आडवी करून ठेवली. रिकामी बैठक आडवीच ठेवायची, नाहीतर नको ते येऊन बसतं. पण ती स्वतः काही बसली नाही. पेटी दाराशी होती तिथेच होती, भांडंही पेटीतच.

"झालं," आक्याताई म्हणाली. "आता मुसळ तेवढं धुऊन ठेव तू."

सोमवारी सकाळी अम्पोन्सा कडुनिंबाखाली येऊन पडला. घसा कोरडा पडला होता. सवयीने हाक गेली, "दुफी, पाणी!"

कुणी आलं नाही.

"दुफी!"

"ऐकलं," आवाज मागून आला. "आले असते. पण मी बसलेय."

तो गर्रकन वळला. अंगणाच्या मधोमध बैठक उभी होती आणि तिच्यावर दुफी होती. एक पाय लांब सोडलेला, दुसरा खाली दुमडलेला, अंग डावीकडे कललेलं, दोन्ही हात मांडीत उताणे. हातात काही नाही. अम्पोन्सा बघतच राहिला. अशी बसते होय ही!

मग तो उठला. स्वतःच्या घरात पाणी आणायला गेला आणि त्याला पेला सापडेना.

"डावीकडे," अंगणातून आवाज. "वर. ती बरणी आहे. अहो, वर म्हणजे वर!"

पेला भरून तो बाहेर आला. दुफीने हात पुढे केला, पाणी घेतलं, शांतपणे सगळं पिऊन टाकलं आणि रिकामा पेला त्याच्या हातात दिला. आक्याताई दारात उभी राहून तोंडात पदर कोंबत होती. तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

दुफी उठली. तिने बैठक आडवी केली. पेटी उघडली, तळातून चादरीचं बोचकं काढलं आणि अम्पोन्साच्या पोटाशी दिलं.

"आत नेऊन ठेवा. सेरवाकडे मिक्सर आहे."

अम्पोन्साच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एका हातात पेला, दुसऱ्यात भांडं, पुसणार कशाने?

"बाळ मान धरायला लागलं की येते," गाडीत चढता चढता ती म्हणाली. "आणि माझ्या बैठकीवर कुणी बसलेलं मला कळलं ना, तर बघा. ताई, तुम्हालाही सांगतेय!"

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. भांडं जागेवर ठेवून अम्पोन्सा स्वतःसाठी पाणी घ्यायला गेला, तर पेला पुन्हा सापडेना. तो त्याच्याच हातात होता.