टोपलीच्या आडोशाला

मला पहिली नोकरी लागली ती मांडवी नदीतल्या एका बेटावर, मराठी प्राथमिक शाळेत. गोवा घटक राज्य व्हायला अजून वर्ष-दीड वर्ष होतं आणि मराठी की कोंकणी यावरून सगळीकडे वातावरण तापलेलं होतं. आमच्या पेडण्याच्या घरात मात्र वाद वेगळाच चालला होता. लग्नाच्या वयाची मुलगी रोज एकटी दोन बस बदलून, फेरीबोटीने नदी ओलांडून, अनोळखी बेटावर जाणार हे कुणाच्या पचनी पडेना. काकांनी तर ऑर्डरचा कागद हातातही घेतला नाही.

शेवटी बाबाच म्हणाले, "जा. पूण वाटेर कितेंय जालें म्हणून आयकलें, त्याच दिसा नोकरी बंद. मागीर रडूं नाका."

बाबा बोलले की बोलले. नोकरी बंद म्हणजे त्याच वर्षी लग्न, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. सावंतवाडीकडचं एक स्थळ त्यांनी हेरूनच ठेवलं होतं. तेव्हा नोकरी टिकवायची तर वाटेत काही घडता कामा नये, आणि घडलंच तर घरी कळता कामा नये, एवढं मी मनाशी पक्कं केलं.

पहाटेची पेडणे-म्हापसा गाडी, तिथून दुसरी गाडी पकडून धक्का, आणि मग फेरीबोट. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात तो माणूस दिसायला लागला. पांढरा शर्ट, काखेत वर्तमानपत्र, वय बाबांपेक्षा थोडंच कमी. बोट सगळी मोकळी असायची, तरी ह्याला उभं राहायला जागा माझ्या कोपराशीच सापडायची. मी सरकले की तोही सरके. चौथ्या दिवशी तो शाळेच्या पायवाटेपर्यंत मागे आला. काही बोलला नाही. मी जवळजवळ पळतच वर्ग गाठला. मुलांना पाढे म्हणायला लावले आणि मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

पाचव्या दिवशी तो जवळ आला आणि आमच्या दोघांच्या मधे एक माशांची टोपली सरकत आली. पायाने सरकवली होती ती एका नुस्तेकान्नीने, म्हणजे मासे विकणाऱ्या बाईने. पन्नाशीची, ख्रिस्ती, फुलाफुलांचा झगा घातलेली. समुद्राचे मासे घेऊन ती रोज बेटावर दारोदार फिरायची.

"साब, मातसो पयस राव," ती त्याला म्हणाली. "नुस्त्याचें उदक पांटलोणाक लागतलें."

तो आपल्या इस्त्रीच्या पँटकडे बघत मागे हटला. मग तिने मला खूण केली, "हांगा बस, बाये."

त्या दिवसापासून माझी जागा ठरली. एका बाजूला बोटीचा कठडा, दुसऱ्या बाजूला ती, पुढ्यात टोपली. साडीला वास लागायचा. पहिलीतली मुलं नाक वर करून सांगायची, "बाई, आज तारले!" आणि चुकायची नाहीत. मुख्याध्यापकांनी एकदा हसत हसत टोमणा मारला, तेव्हा मीही हसून वेळ मारून नेली. वास परवडला.

तिने मला विचारलं होतं, "घरा सांगलें?" मी बाबांची अट सांगितली. स्थळाचंही सांगितलं. तिने टोपलीवरचं ओलं फडकं नीट केलं.

"तर सांगूं नाका. हांव आसां मगो."

एवढ्या मोठ्या जगात माझी अडचण ठाऊक असलेली ती एकटीच. तिने मला पुष्कळ शिकवलं. छत्री उन्हातसुद्धा हातात ठेवायची. मागून कोणी आलं तर नुसतं पुढे चालत राहायचं नाही: "खंयच्याय घरांत रिग आनी उदक माग." मी दोनदा असं पाणी मागून प्याले. संध्याकाळी शाळा सुटायला उशीर झाला तर ती आपली टोपली रिकामी करून धक्क्यावर बसलेली असायची. आलेली बोट सोडून द्यायची आणि मी आले की झगा झटकत उठायची. असे सात महिने गेले. ती तिच्या कोंकणीत बोलायची, मी माझ्या पेडण्याच्या बोलीत. मी तिला मावशी म्हणायचे.

आणि मी मराठीवाली होते, हे सांगून टाकते. शिकले मराठीत, शिकवत होते मराठी, सभांनाही जायचे. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

एके दिवशी मराठीवाल्यांनी बंद पुकारला होता. गाड्या अर्धवट चालू होत्या. नवी नोकरी, गैरहजर कशी राहू, म्हणून मी निघाले. बोटीवर आम्ही मोजकीच माणसं: मी, मावशी, तो वर्तमानपत्रवाला आणि पाच-सहा तरुण. ते आमच्याच बाजूचे होते. त्यातल्या एकाने मला सभेत पाहिलं होतं. त्याने अदबीने नमस्कार केला. मग त्याचं लक्ष टोपलीकडे गेलं.

"आज बंद आसा, खबर ना? विकपाचें ना."

"हांव कोणाच्याच मदीं ना, पुता," मावशी म्हणाली. "नुस्तें कुसतलें. ह्या बायेक विचार, ती म्हाका वळखता."

त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, वळखतात हिका?"

मला आठवतं, मी खूप भरभर विचार केला. हो म्हटलं तर वाद होणार. वादात माझं नाव येणार, पेडण्याची बाई म्हणून. संध्याकाळपर्यंत ते बाबांच्या दुकानात पोचणार. मग कुणीतरी विचारणार, ही त्या बाईजवळ का बसत होती, आणि मग सगळंच बाहेर येणार. वर्तमानपत्रवाला समोरच उभा होता. माझी नोकरी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मावशी माझ्या शेजारी.

"ना," मी म्हणाले. "फेरीत दिसते कधीतरी."

त्यांनी टोपली उचलून नदीत उपडी केली आणि रिकामी तिच्यापुढे फेकली. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. टोपलीवरचं ओलं फडकं तेवढं तिने उचललं, पिळलं आणि घडी करून मांडीवर ठेवलं. बेट आल्यावर मी उतरले. ती त्याच बोटीने परत गेली. शाळेत चारच मुलं आली होती. मी त्यांना दिवसभर काय शिकवलं, देव जाणे.

घरी काहीही कळलं नाही. उलट बाबांनी दुकानात येईल त्याला सांगितलं, की बंदच्या दिवशीसुद्धा पोर एकटी जाऊन सुखरूप परत आली. काकांनी त्या रात्री मला प्रथमच शाळेबद्दल विचारलं. सावंतवाडीच्या स्थळाला नकार गेला. मी जेवले, झोपले, सकाळी गाडी पकडली. मला माझीच किळस येत होती, आणि तरी मी गाडी चुकवली नाही.

मावशी चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी धक्क्यावर दिसली, तीच टोपली घेऊन. मी जवळ गेले. रात्रभर जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवेना.

"मावशी, त्या दिसा हांवें..."

तिने मला पुढे बोलू दिलं नाही.

"नोकरी उरली मगो तुजी?"

टोमणा असता तर मी सोसला असता. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"उरली," मी म्हणाले.

"बरें जालें," असं म्हणून तिने टोपली डोक्यावर घेतली, बोटीवर चढली आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तिला थांबवावं म्हणून मी तोंड उघडलं. मावशी म्हणायला जीभ रेटेना. आणि सात महिन्यांत तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.