एयनारचा पहिला केक

डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या त्या चिमुकल्या सॉफ्टवेअर कंपनीत एक रिवाज होता. ज्याच्या चुकीने सगळ्यांचं काम अडेल, त्याने शुक्रवारी घरी भाजलेला केक आणायचा. सगळ्यांचा आणून झाला होता, एकट्या एयनार क्रॅगेलुंडने कधीच नाही. माणसाने किती मिरवावं! इतरांचे केक तो नावं ठेवत चापून खायचा. एरवी त्याच्या गालात कायम ज्येष्ठमधाची गोळी, आणि संगणकावर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी महिनोन्‌महिने उघडी.

कंपनीत कुणाकडे विंडोज, कुणाकडे मॅक, कुणाकडे लिनक्स. प्रोजेक्टच्या स्क्रिप्ट चालवायला प्रत्येकाला लांबलचक पत्ता टाइप करावा लागे. एयनारने विडा उचलला. संगणक आज्ञा ज्या फोल्डरांत शोधतो, त्या यादीत स्क्रिप्टचं फोल्डरही घालायचं, म्हणजे नुसतं नाव टाइप केलं की झालं. त्याने तिन्हींसाठी सेटिंग लिहिलं, आपल्या उघड्या खिडकीत नुसत्या नावाने स्क्रिप्ट चालवून पाहिली आणि ते सेटिंग सगळ्यांना धाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बोंबाबोंब.

"एयनार, माझा मॅक साधी फाइलींची यादी दाखवेना!" शेजारची बोडिल ओरडली. "म्हणतो, अशी आज्ञाच नाही!"

"माझ्याकडे चालतंय," एयनार गोळी चघळत म्हणाला. "तुमचीच यंत्रं आजारी."

"ती खिडकी बंद करून नवी उघड बघू."

"कशाला? बरी चाललीय की!"

"का रे, फाटली?"

एयनारने जड हाताने खिडकी बंद केली. नवी उघडली, तर तिला त्याच्या स्क्रिप्टखेरीज कुणाचीच ओळख नव्हती. पठ्ठ्याने जुन्या यादीत भर घालायची सोडून जुनी यादीच उडवली होती. जुन्या खिडकीत मात्र ती शाबूत होती, आणि स्क्रिप्टचं फोल्डर त्याने तिथे पूर्वीच हाताने जोडून ठेवलं होतं, म्हणून तिथे सगळं चालत होतं.

"केक! केक!" सगळ्यांनी टेबलं बडवली. बिचाऱ्याचे कान लाल झाले.

शुक्रवारी केक आला. संत्र्याची साल, बदाम, वेलची, सगळी नवी भर एयनारने स्वतः सांगितली. सगळ्यांनी घास घेतला आणि चावायचे थांबले.

"एयनार," बोडिल घास कसाबसा गिळत म्हणाली, "साखर कुठंय?"

"काहीतरीच! घरी चाखला तेव्हा चांगला गोड होता!"

"चाखताना गालातली गोळी काढली होतीस?"

एयनारचा गाल हलायचा थांबला.