पाचव्या सूचनेतलं झाड

इंटरनेटच्या बिलासोबत दर महिन्याला एक पत्रक द्यायची अवदसा मलाच आठवली होती. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मूल या आमच्या तालुक्याच्या गावी एका राईस मिलच्या छतावर आम्ही टॉवर उभा केला होता आणि तिथून आजूबाजूच्या गावांत बिनतारी इंटरनेट देत होतो. गिऱ्हाइकाच्या घरावर लोखंडी पाइप, पाइपाला ताटाएवढी अँटेना आणि तिचं तोंड आमच्या टॉवरकडे, एवढाच पसारा.

पत्रकात वर बातम्या असायच्या. अमुक गावात लाइन पोचली, तमुक दिवशी टॉवरचं काम आहे म्हणून दुपारी नेट बंद राहील. खाली सूचना. अँटेनाच्या वायरवर लुगडी वाळत घालू नका. वांदरं पाइपावर चढून अँटेना फिरवतात, तर पाइपाला बाभळीचे काटे बांधा. लोडशेडिंगच्या आधी कॉम्प्युटर बंद करा. पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवू नका. लोक वाचायचे आणि बाजारात भेटले की म्हणायचे, "मस्त लिहिता बा तुम्ही." ते मला फार गोड लागायचं. खोटं कशाला सांगू, लाइन नीट चालते की नाही यापेक्षा माझा जीव त्या पत्रकातच जास्त अडकलेला असायचा.

आमचं मूळ दुकान अब्बांचं, रेडिओ-टेप दुरुस्तीचं. अब्बांचा एकच कायदा होता: पहले खोल के देख, फिर बोल. गिऱ्हाईक काहीही सांगो, डबा उघडल्याशिवाय बिघाड कुठे आहे ते सांगायचं नाही. मी तो कायदा मोडला, आणि तोही बसल्या जागेवरून.

मूलपासून सात-आठ किलोमीटरवर, तलावाच्या काठी एक गाव आहे. तिथे एक मास्तर कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. बाहेरून येऊन घर घेतलेले, सरळ मनाचे गृहस्थ. छापलेलं खोटं नसतं, असा त्यांचा पक्का विश्वास. त्यांच्या आवारात मोहाचं एक जुनं झाड होतं, टॉवरच्या दिशेलाच. झाड मास्तरांच्या जागेत, पण त्याचा मोह, म्हणजे गळालेली फुलं, वेचायची गावातली एक ढिवराघरची बाई. तिच्या सासूपासून चालत आलेलं होतं ते. आमच्याकडे रीतच आहे अशी. जमीन कोणाचीही असो, झाडाखालचा पाला झाडून मोह वेचणारं घर ठरलेलं असतं, दुसरं कोणी तिथे टोपलं घेऊन जात नाही. बाईचा नवरा वारलेला. पावसाळा-हिवाळा ती तलावाच्या मासळीवर काढायची आणि उन्हाळ्यात तलाव आटला की त्या एका झाडावर.

मास्तरांकडे अँटेना मीच बसवली होती. झाड पानांनी गच्च भरलं तरी लाइन चालत होती, हे मला ठाऊक होतं. आखाडात चार दिवस पाऊस लागला आणि त्यांचं नेट बंद पडलं. क्लासच्या पोरींचे कॉलेजचे फॉर्म भरायचे राहिले होते, मुदत संपत आली होती. मास्तरांनी गावातल्या एसटीडीवरून दोनदा फोन केला. रस्त्यावर चिखल, मला गाडी काढायचा कंटाळा. मी म्हणालो, "मास्तर, पत्रक वाचा ना. पाचवी सूचना पाहा." पाचवी सूचना अशी होती: पावसाळ्यात नेट बंद पडल्यास अँटेनासमोर आलेलं झाड काढून टाकावं. ती लिहिताना माझ्या डोळ्यासमोर अंगणातला शेवगा होता, फार तर एखादी पपई. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

तिसरा फोन आला. "भाऊ, झाड तोडलं. तरी नेट नाई."

तसाच भिजत निघालो. मोह आवारात आडवा पडला होता, पानं अजून हिरवीगार. मी पाइपावर चढलो आणि वायरचा सांधा खोलला. आत पाणी. मीच गुंडाळलेली टेप सुटली होती. पाणी पुसलं, नवी टेप लावली, दहा मिनिटांत नेट सुरू. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मास्तरांना वाटलं, झाड पाडलं म्हणूनच अखेर काम झालं. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाई दुकानात आली. डोक्यावर मासळीचं टोपलं, हातात घडी घातलेलं माझं पत्रक.

"भाऊ, मी तलावावर होती तवा मास्तरनं माहं झाड पाडलं. तो म्हणते, या कागदात लिवलं हाय. मले वाचता येत नाई. वाचून सांगा, कुठी लिवलं हाय थे?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी कागद उघडला. नजर थेट पाचव्या सूचनेवर गेली. तिच्या वरच्या ओळींवर बोट ठेवून मी म्हणालो, "बाई, यात झाडाचं काही नाई. लुगडी, वांदरं, हेच आहे सारं."

"मंग मास्तर लबाड बोलला?"

मी कागदाची घडी करून तिला परत दिली. 'हो' म्हणालो नाही, एवढीच माझी इमानदारी. तिनं कागद पदराला बांधला. जाता जाता म्हणाली, "चैतात मी कुठी जाऊ आता?" मी बसलेल्या गिऱ्हाइकांकडे वळलो.

पुढच्या पत्रकातून मी पाचवी सूचना गुपचूप काढून टाकली. चूक झाली, अशी एक ओळ लिहायला काय जात होतं माझं? पण लोक मस्त लिहिता म्हणायचे ना. तिकडे गावात मास्तर लबाड ठरले. बाईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं, त्यांच्या दाराला मासळी देणं बंद केलं. उन्हाळ्यात ती रोजगार हमीच्या मातीकामावर दिसते, असं कानावर आलं. मी ऐकलं आणि विषय बदलला. लाज वाटते आज सांगताना.

पुढे मोबाइलवर नेट आलं आणि आमचा धंदा बसला. मी गावोगावच्या अँटेना उतरवत फिरलो. त्या गावातही गेलो. मास्तरांच्या दाराला कुलूप होतं. पाइप उतरवून खाली आलो तर मोहाच्या बुंध्यावर बाई बसलेली. मला पाहून म्हणाली, "चष्मा लागला का भाऊ तुमाले?"

"हो बाई."

तिनं कनवटीची घडी सोडली. तेच पत्रक, घड्यांवर फाटलेलं. "नात वाचाले शिकली माही. तिनं वाचून दाखोलं. पन तुमीच वाचा एकदा. पाचवं."

मी उभ्यानंच वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

"तवाबी हेच लिवलं होतं ना?"

"हेच होतं बाई."

तिनं मास्तरांच्या कुलपाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मास्तर मागच्या साली मेला. त्याच्या तेरवीलेबी मी नाई गेली."