छपरावरून उतरवलेलं डोकं

पॉटलकनंतर, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणानंतर, घरात दुसऱ्यांचे डबे साठतात. कोणाचे ते कळत नाही आणि टाकवतही नाहीत. इथे अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आमच्या शनिवारच्या मराठी मंडळींचे किस्से माझ्या वह्यांत तसेच साठलेत. मी फार्मसीत नोकरी करतो, इतिहास कुठल्या कॉलेजात शिकलेलो नाही. कानावर पडतं ते त्याच दिवशी लिहून ठेवतो, एवढंच. गेली काही वर्षं वहीत सगळ्यात जास्त जागा आमच्या रेवाने अडवली आहे. मुलगी माझीच आहे, तेव्हा थोडी शेखी चालवून घ्या!

*

नलूमावशी मूळच्या नागपूरच्या, मंडळात वयाने सगळ्यात मोठ्या. त्यांनी एकदा रेवाला विचारलं, "पीएचडी कशात गं?"

रेवा इथेच जन्मलेली. मराठीत सुरुवात करते आणि अर्ध्या वाटेत इंग्रजीवर जाते. "मावशी, चारशे वर्षांपूर्वी युरोपमधले स्कॉलर्स जगभरचे बळी कंपेअर करत होते. मेक्सिको, रोम, जेरुसलेम, इंडिया. कोण काय कापतं, काय जाळतं, कोणत्या देवाला देतं. दे वेअर ऑब्सेस्ड!"

"म्हणजे फिरले असतील खूप."

"नाही ना! बरेचसे घरीच बसून. ट्रॅव्हलर्सची पुस्तकं वाचून लिहायचे."

"मग आमच्या ह्यांच्यासारखेच," मावशी म्हणाल्या. "हॉटेलात पाऊल न टाकता रिव्ह्यू वाचून सांगतात, इडली कडक आहे!"

*

दीक्षित गुरुजी सोमवार ते शुक्रवार डेटाबेस सांभाळतात आणि शनिवार-रविवार पूजा सांगतात. त्यांच्या पिशवीत पळी-पंचपात्रासोबत हॉटेलातली शॉवर कॅप असते. होमाआधी स्मोक डिटेक्टरला घालायला.

रेवाने त्यांना जुन्या पुस्तकातलं होमाचं चित्र दाखवलं. चित्रकार कधी हिंदुस्थानात गेलेलाच नव्हता. त्यामुळे ब्राह्मण रोमन झग्यात, मागे ग्रीक खांब, होमकुंडाच्या जागी संगमरवरी चौथरा!

गुरुजींनी चष्मा कपाळावर नेऊन पाच मिनिटं चित्र न्याहाळलं. रेवा लॅपटॉप उघडून टाइप करायच्या तयारीत.

"काका, व्हॉट्स राँग विथ इट?"

"बायको डावीकडे बसवलीय," गुरुजी म्हणाले. "बाकी चालेल!"

*

इथवर गंमत होती. मग रेवाच्या प्रबंधाचा चौथा चॅप्टर एका चित्रावर अडला.

लॅटिन पुस्तकातलं, हाताने रंगवलेलं चित्र. एक माणूस सुरी घेऊन उभा. पुढ्यात गोल काहीतरी दुभंगून पडलेलं, दोन्ही अर्ध्या भागांना लाल फासलेलं. खाली ओळ : 'हे लोक देवीला मस्तक वाहतात.' पुढच्या पुस्तकांनी हीच ओळ उचलली आणि नरबळीचा पुरावा म्हणून छापत राहिली.

रेवाने चित्र आमच्या घरी टीव्हीवर लावलं. मंडळी बटाटेवडे खात होती. सगळे एकदमच म्हणाले, "कोहळा!"

नवचंडीला बोकडाऐवजी कोहळा कापतात, कुंकू लावतात. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं दृश्य. रेवा मात्र बघतच राहिली. "पण पुस्तकात हेड लिहिलंय!"

मावशी उठून टीव्हीजवळ गेल्या आणि काचेवर बोट ठेवलं. "मेंदूत बिया असतात का गं?"

*

रेवाच्या प्रोफेसरबाई म्हणाल्या, "तुझ्या काका-मावश्यांचं मत हा पुरावा होत नाही." बरोबरच होतं. पुरावा नाही तर चॅप्टर गळणार, आणि प्रबंधाचा डिफेन्स, म्हणजे परीक्षकांपुढची तोंडी परीक्षा, वर्षभर पुढे जाणार.

रेवा तेवढ्यासाठी जुनी डच शिकली. ज्या प्रवाशाच्या हकिकतीवरून लॅटिन पुस्तक बेतलं होतं, त्याची मूळ पत्रं शोधत बसली. एका दुपारी फार्मसीत फोन आला.

"बाबा, ऐक! 'ते डोकं त्यांनी आदल्या दिवशी छपरावरून उतरवलं. त्याला देठ होता.' लॅटिन करणाऱ्याने ही दोन वाक्यं गाळली!"

काउंटरवर एक अमेरिकन आजोबा उभे होते. त्यांना मी औषधाआधी ही बातमी दिली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"अभिनंदन," ते म्हणाले. "गोळी जेवणाआधी की नंतर?"

*

त्याच शनिवारी मी मंडळात छाती काढून सांगितलं, "रेवाने सिद्ध केलंय, आपल्यात रक्ताचा बळी नव्हताच!"

"बाबा, मी असं कुठेही लिहिलेलं नाही," रेवा सगळ्यांसमोर म्हणाली. "तिसऱ्या चॅप्टरमधला बोकड बोकडच आहे."



"आमच्या गावच्या देवीला बोकडच लागायचा," मावशी म्हणाल्या. "मी रस्सा खाल्लाय."

आता सगळ्यांचे डोळे गुरुजींकडे. ते म्हणाले, "मग रेवा, पत्रातला देठ आणि मावशींचा रस्सा, दोन्ही लिही!"

देठ सापडला तेव्हाही वाटला नव्हता इतका अभिमान मला त्या दिवशी वाटला. तिने मला सगळ्यांदेखत गप्प बसवलं, तरीही.

*

डिफेन्सच्या दिवशी मंडळ झाडून हजर. बाहेरून आलेले एक परीक्षक होते, कोरड्या आवाजाचे. सगळं ऐकून म्हणाले, "पत्र ठीक आहे. पण डोळ्यांनी पाहणारा शहाणा माणूस भाजीला मस्तक कसा समजेल? हे पटलं नाही तर चॅप्टर पटत नाही."

रेवाने गुरुजींना खूण केली. प्रात्यक्षिक ठरलेलंच होतं; डिपार्टमेंटची लेखी परवानगी होती. गुरुजींनी कोहळा टेबलावर ठेवला, मंत्र म्हटला, सुरी चालवली आणि दोन्ही अर्ध्या भागांना पाण्यात कालवलेलं कुंकू फासलं.

काचेचं दार धाडकन उघडलं. सिक्युरिटी गार्ड धापा टाकत आत आला. "कोणी हलू नका! ॲम्ब्युलन्स बोलावलीय!"

कामांची यादी मीच केली होती. त्यातलं सातवं काम, गार्डला आधी कळवणं, माझ्याचकडे होतं. ते राहिलं!

मी उठणार तेवढ्यात परीक्षकांनी मला हाताने बसवलं आणि गार्डला विचारलं, "तुम्ही कुठे होता?"

"कॉरिडॉरच्या त्या टोकाला, सर."

"काय दिसलं?"

गार्डने टेबलाकडे पाहिलं. बिया पाहिल्या. गुरुजींची लाल बोटं पाहिली.

"इथून फळ दिसतंय, सर. तिथून डोकं होतं."

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "माझा प्रश्न संपला."