कबरीचं सातवं घर

मांजर हा प्राणी मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. हाक मारली की येत नाही आणि हाकललं की जात नाही, त्याचं कौतुक कसलं करायचं? तरी एका मांजरीची गोष्ट मी भेटेल त्याला सांगत आलोय. खरं तर ती मांजरीची नाहीच, चंद्रभानजींची आहे.

१९५४ साली मी अल्लीपूरच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. पुलगावहून ट्रंक आणि वळकटी घेऊन आलो आणि चंद्रभानजींच्या ओसरीलगतच्या खोलीत बिऱ्हाड थाटलं. चंद्रभानजी पन्नाशीचे, कपाशी-तुरीचे शेतकरी. आवाज असा की त्यांनी बैलाला दम दिला की पलीकडच्या शाळेत माझी पोरं गप्प बसत. घरात ते आणि त्यांची बायको जयवंताबाई, दोघंच. मूलबाळ नव्हतं. कबरी नावाची एक मांजर होती. चंद्रभानजी जेवायला बसले की जयवंताबाई समोर बसायच्या, कबरी त्यांच्या गुडघ्याला टेकायची आणि गावभरच्या बातम्या ताटाभोवती गोळा व्हायच्या. माझ्या खोलीत सगळं ऐकू येई. एकट्या माणसाला असं ऐकायला फार बरं वाटतं.

पुढच्या वर्षी वैशाखात जयवंताबाई भाचीच्या लग्नाला समुद्रपूरला गेल्या, पंधरा दिवसांसाठी. तूप कढवायला जमवलेलं लोणी शिंक्यावर ठेवून गेल्या. चंद्रभानजींनी भाकरीपुरतं काढायला मडकं खाली घेतलं आणि परत टांगायला विसरले. कबरीनं तळ चाटून काढला. राग आला की या माणसाला पुढचं दिसत नसे. त्यांनी कबरीला पोत्यात कोंबलं, सुतळीनं तोंड बांधलं आणि नदीपलीकडे नेलं. तिथं, आमच्याकडे करतात तसं, पोतं सात वेळा गरगर फिरवलं. तसं केलं की मांजराला परतीची वाट सापडत नाही म्हणतात. मग सोडून दिलं. घरी येऊन मला हे हसत हसत सांगितलं आणि मीही हसलो. ती माझी चूक मी लपवत नाही.

जयवंताबाई परत आल्या, पिशवी ठेवली आणि चुलीमागं वाकून पाहिलं.

“कबरी कुठी गेली?”

चंद्रभानजींनी सांगितलं. त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, “पोत्यात लय वरडली का?”

त्या दिवसापासून जयवंताबाई ताट वाढून आत निघून जाऊ लागल्या. भाकर गरम, भाजी चवीची, कशात कसूर नाही. फक्त समोर कुणी नाही. चंद्रभानजी चार दिवस नदीपलीकडे “कबरे, कबरे” करत काट्याकुट्यांतून फिरले. गुराखी हसले, मांजर काही सापडली नाही.

महिनाभरानं कबरी आपली आपण परत आली. एक कान फाटलेला, पोट पाठीला लागलेलं. गुरांच्या कोठ्याच्या भिंतीवर येऊन बसली. जयवंताबाईंच्या हातचं दूध प्यायली, पण चंद्रभानजींची चाहूल लागली की भिंतीपलीकडे उडी. घरात पाऊल ठेवेना.

“आता आली नं ते?” चंद्रभानजी म्हणाले. “मंग काऊन तोंड फिरवून राह्यली?”

“आली कुठी? भितीवर आहे,” जयवंताबाई म्हणाल्या. “घरात येईन तवा आली म्हनू.”

झालं. चंद्रभानजी मांजरीच्या मागं लागले. स्वतःच्या वाटीतलं दूध भिंतीखाली ठेवू लागले. कबरी ते पिई, पण ते शेतावर गेल्यावर. पावसाळ्यात ती भिंतीवर कुडकुडताना पाहून त्यांचा जीव खालीवर झाला. चांगलं जुनं, मऊ झालेलं पोतं त्यांनी झटकलं, घडी घातली आणि ओसरीच्या कोपऱ्यात तिच्यासाठी अंथरलं. शेतकऱ्याला याहून उबदार काय ठाऊक असणार? कबरी ओसरीच्या कडेला आली, पोत्याचा वास घेतला, अंगावरचा केस न् केस उभा राहिला आणि ती तीन दिवस दिसली नाही.

चौथ्या दिवशी ती भिंतीवर होती. चंद्रभानजी शेतातून आले, डोक्यावर पावसासाठी पोत्याची खोळ. कबरी पळाली. ते दारातच थबकले. मग खोळ काढून हातात धरली आणि त्या पोत्याकडे पाहत राहिले.

“मास्तर,” ते मला म्हणाले. एवढा बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “म्या तिले पोत्यात भरलं, अन् तिच्यासाठी पोतंच आंथरलं. लय मूर्ख मानूस आहो मी.”

शेतकऱ्याच्या घरातून पोतं हद्दपार करायचं म्हणजे मास्तराच्या घरातून कागद काढण्यासारखं. तूर पोत्यात, सरकीची ढेप पोत्यात, बसायला पोतं, पाय पुसायला पोतं. चंद्रभानजींनी सगळं उचलून मागच्या खोलीत कोंडलं. खोळही गेली. तिच्या जागी हिंगणघाटहून काळी छत्री आणली. आता छत्री धरून कोळपणीचा डवरा कसा धरणार? ती मिटून बांधावर पडे आणि हे शेतात भिजत. शेजारचे भैयाजी रोज विचारायचे, “का हो वकीलसाहेब, आज कचेरी सुटली का लवकर?” एरवी चंद्रभानजींनी त्यांची गचांडी धरली असती. आता नुसतं म्हणायचे, “हो, सुटली.”

रोज दिवे लागायच्या आधी ते ओसरीत बसत. बोलत नसत, बोलावत नसत. माझ्याच्यानं असं पाव घटकाही बसवलं नसतं. पोळ्यापर्यंत कबरी ते आले तरी भिंतीवरून हलेनाशी झाली. दसऱ्याला ती खाली उतरून, त्यांच्यापासून दहा हातांवर, त्यांच्या देखत दूध प्यायली. पण हात पुढं केला की गेलीच. मग त्यांनी हात पुढं करणंही सोडून दिलं.

दिवाळीनंतर कबरी व्याली. भैयाजींच्या माळ्यावर, कडब्यात. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते, ही समजूत आमच्याकडे पक्की, त्यामुळे विहिरीवरच्या बायका लक्ष ठेवून होत्या. भैयाजींचा माळा, मग मारुतीच्या देवळाची कोठी, मग आणखी कुणाचं कोठार. चौथं घर म्हणजे आमची शाळा. नकाशांच्या पेटीत चार पिल्लं! मी वैतागलो, पेटीचं झाकण उघडं ठेवलं आणि आठवडाभर भूगोल शिकवला नाही.

चंद्रभानजी मला रोज विचारत, “मास्तर, पाच झाले का सहा?” सहावं घर सुताराचं झालं तेव्हा त्यांनी विचारणंही बंद केलं. घरात मात्र चुलीमागं त्यांचं स्वतःचं धुतलेलं उपरणं अंथरलेलं मी पाहिलं. जयवंताबाईंनीही ते पाहिलं असणार. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

रविवारची दुपार होती. जयवंताबाई कापूस वेचायला गेल्या होत्या. चंद्रभानजी दारात बसून अंबाडीची दोरी वळत होते, दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात आणि पाय उंबऱ्यावर आडवा पसरलेला. मी खोलीच्या दाराशी वह्या तपासत होतो. अंगणात कबरी आली. तोंडात पिल्लू. ती थांबली. आत जायची वाट एकच, आणि तीत चंद्रभानजींचा पाय.

त्यांनी दोरी सोडली नाही, पाय काढला नाही, डोळा उचलला नाही. पाय काढला असता तर ती बिथरली असती. कबरी पुढं आली, त्यांच्या नडगीवर पंजा ठेवला आणि पिल्लासकट पलीकडे गेली. मग दुसरं आणलं. तिसरं चुलीपर्यंत नेलंच नाही. दमली असेल. तिनं ते चंद्रभानजींच्या मांडीशी ठेवलं, एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि चौथं आणायला निघून गेली.

ज्यानं तिला पोत्यात घातलं त्याच्या भरवशावर ती लेकरू टाकून गेली. पिल्लू त्यांच्या धोतराला चिकटून चीं चीं करत होतं. चंद्रभानजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात हलवला नाही. माझ्याही वहीवर दोन थेंब पडले. मांजर मला आवडत नाही, हे तरीही खरं.

चौथं आलं, तिसरंही आत गेलं. चंद्रभानजी तसेच. ऊन उतरल्यावर जयवंताबाई आल्या.

“अवो, असे काऊन बसले?”

“पायाले मुंग्या आल्या,” ते हळूच म्हणाले. “पन हलू नाई. आंदर जाऊन पाह्य.”

जयवंताबाई त्यांच्या पायावरून पलीकडे गेल्या. चुलीमागं वाकल्या. मग आतून भाकर थापल्याचा आवाज आला.

त्यांनी ताट आणलं, तिथंच उंबऱ्यापाशी ठेवलं, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांच्या समोर बसल्या.

“जेवा,” त्या म्हणाल्या. “अन् आयका, समुद्रपूरच्या लग्नात का झालं ते तं मी तुमाले सांगतलंच नाई.”