डोहाळ्याचा खर्रा

खर्ऱ्याची सवय मला लग्नाआधीची. अकोल्याला मैत्रिणींसोबत खोली करून शिकत होते, तेव्हा लागली. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो ऐवज गालात धरला की अभ्यास होतो, असं आम्ही एकमेकींना पटवून दिलं होतं. दर्यापूरला सासरी आले आणि सगळं चोरून सुरू झालं. मग दिवस राहिले, आणि मला नामी युक्ती सुचली.

एका दुपारी लाजण्याचं सोंग करून मी सासूबाईंना सांगितलं, मला खर्ऱ्याचे डोहाळे लागलेत. तंबाखूच्या नुसत्या वासानं मळमळणारी ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "लेकरूच मागून राह्यलं, तर नाही कसं म्हनू?" डोक्यावर पदर घेऊन ती स्वतः पानठेल्यावर गेली. पुढे रोजच जायची. ठेल्यावरची माणसं हसायची, आणि मी घरात आरामात चघळत बसायचे.

मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली, अमरावतीच्या दवाखान्यात. वजन दीड किलो. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, तंबाखू खात होतीस का? मी मान खाली घातली. सासूबाईच पुढे झाल्या.

"तिले काई मालूम नवतं, मॅडम. डोहाये हायेत म्हून म्याच आनून देल्ला."

डॉक्टरीणबाई त्यांना सगळ्या वॉर्डासमोर बोलल्या. तंबाखूनं पोटातल्या बाळाला प्राणवायू कमी पडतो, वाढ खुंटते, बाळ लवकर जन्मतं. एवढ्या वयात हे कळू नये? सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. मला एकच वाक्य बोलायचं होतं. लाज तेव्हाही वाटली, पण खरं बोलण्याइतकी नाही.

खर्रा मी त्या दिवशी सोडला. घरात त्याचं कौतुक झालं, तेही मी निमूट घेतलं.

मुलगी आता आठ वर्षांची आहे. वर्गात सगळ्यांत बुटकी, थंडी पडली की तिला धाप लागते. परवा तिची छाती शेकता शेकता सासूबाईंचे डोळे भरून आले. "माह्या हातानं झालं हे. मले माफ कर व, बाई."

त्यांचा हात हातात घेऊन मी म्हणाले, "जाऊ द्या आई, मी केव्हाच माफ केलं."